मालक थकला तर संघाचं काय?

छोट्या शहरातल्या संघाचा मालक वयस्कर झाला की प्रश्न येतो वारसाचा. संघ विकला गेला, तर नवा मालक तो उचलून दुसरीकडे नेऊ शकतो; सिएटलचा सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ 2008 साली ओक्लाहोमा सिटीला असाच गेला. आपल्याकडे 2014 मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंदच पडला. कोल्हापूरच्या फुटबॉलला ही भीती नाही, कारण पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार हे संघ तालमींचे, पेठांचे आहेत. कार्यकर्त्यांची पिढी बदलते, शाहू स्टेडियमवर जर्सी तीच उतरते.

तालमीच्या वर्गणीवर व्यावसायिक संघ उभा राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला आपला अनिकेत जाधव व्यावसायिक फुटबॉल खेळला तो बाहेरच्या क्लबांकडूनच. पण पैसा आणि ताबा वेगळे ठेवता येतात. जर्मनीत गुंतवणूकदार आला तरी मतांचं बहुमत सहसा सभासदांकडेच राहतं. ग्रीन बे हे तर कोल्हापूरपेक्षा कितीतरी लहान शहर. तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ 1923 पासून भागधारकांचा आहे. गोकुळसारखा दूध संघ सहकारावर चालवणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड का वाटावं? मोठा प्रायोजक दारात येण्याआधीच तालमींनी निम्म्याहून जास्त मतांचा हक्क लेखी आपल्याकडे ठेवावा.