प्रेटिअर : संगणकसंहितेच्या मांडणीचे स्वयंचलित प्रमाणीकरण

जावास्क्रिप्ट ही भाषा ओळींची लांबी, मोकळ्या जागा व अवतरणचिन्हे यांबाबत लेखकास मोठे स्वातंत्र्य देते. परिणामी संहितेच्या परीक्षणाचा वेळ आशयाऐवजी मांडणीच्या वादात खर्ची पडतो. जेम्स लाँग यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘प्रेटिअर’ हे साधन यावर उपाय योजते. ते संहितेचे व्याकरणिक विश्लेषण करून वृक्षरचना तयार करते आणि मूळ मांडणी बहुतांशी बाजूस सारून ती ठरावीक नियमांनी पुन्हा लिहिते. विधान साधारणतः ८० अक्षरांत न मावल्यास त्याचे घटक स्वतंत्र ओळींवर मांडले जातात. पर्याय हेतुपुरस्सर मोजके आहेत. कारण प्रत्येक पर्याय नव्या वादास वाव देतो.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक लाभ उल्लेखनीय आहे. ‘इफ’ या अटीखाली विद्यार्थ्याने महिरपी कंसाविना दोन विधाने आत सरकवून लिहिली, तर हे साधन दुसरे विधान बाहेर आणते. अट केवळ पहिल्यालाच लागू असल्याचे त्यातून उघड होते. मात्र चलांची फसवी नावे व सदोष तर्क ते तसेच ठेवते. म्हणून नीटनेटकी मांडणी हा यापुढे आकलनाचा पुरावा मानता येणार नाही. मूल्यमापन तर्क व नामकरण यांचेच व्हावे.