नागपूरच्या खडकातील गोगलगाई

दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट म्हणजे लाव्हारसाची एकच अखंड रास नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात, थिजलेल्या लाव्ह्यावर पाणी साचे, झाडेझुडपे वाढत. पुढचा प्रवाह येऊन हे सारे झाकून टाकी. अशा आंतरस्तरांत गोगलगाईंचे शंख विपुल आढळतात. नागपूरजवळील टाकळी येथील शंखांचे वर्णन स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १८६० साली प्रसिद्ध केले.

यांतील सर्वांत परिचित शंख ‘फायसा प्रिन्सेपी’ हा होय. शिखर वर धरले असता त्याचे मुख डाव्या बाजूस येते. बहुतेक गोगलगाईंत ते उजवीकडे असते. आजच्या फायसा हवेतून श्वास घेतात, म्हणून साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. उलट, सोबत आढळणाऱ्या व्हिव्हिपॅरससारख्या गोगलगाई कल्ल्यांनी श्वसन करतात. त्यांना सहसा न आटणारे पाणी लागते. गोड्या पाण्याच्या उथळ सरोवरांचे चित्र या सहवासातूनच उभे राहते. राजमहेंद्रीच्या आंतरस्तरांत मात्र समुद्री व मचूळ पाण्यातील शंखशिंपले सापडतात. तेथवर समुद्राचा शिरकाव झाला होता, हे उघड आहे.

परंतु हे वाचन दिसते तितके निर्वेध नाही. रिकामा शंख पाण्यावर तरंगत दूर जातो. पोथीतील एखादा शब्द मूळ कर्त्याचा की नकलकाराचा, हे आधी ठरवावे लागते, त्याप्रमाणेच शंख त्या जागचा की वाहून आलेला, हे आधी पाहिले पाहिजे. लहानमोठ्या सर्व वयांचे शंख एकत्र असून मुखाची नाजूक कड शाबूत असेल, तर ते तेथलेच मानण्यास फारसा प्रत्यवाय नसतो. दुसरी अडचण नावाची. टाकळीचा शंख आजच्या फायसापेक्षा कितीतरी मोठा असल्याने अलीकडे तो ‘प्लॅटीफायसा’ या वेगळ्या प्रजातीत घालतात; तेव्हा केवळ नामसाम्यावरून आजच्या गोगलगाईच्या सवयी त्याला चिकटविणे धोक्याचे ठरते.

हवामानाचा पुरावा कवचाच्या घटकांत असतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन (१६) अधिक प्रमाणात निघून जातो, आणि उरलेल्या पाण्यात जड ऑक्सिजन (१८) वाढतो. कवच थराथराने वाढत असल्याने ओले व कोरडे ऋतू त्यात नोंदले जातात. मात्र त्यासाठी मूळचा अ‍ॅरगोनाइट टिकलेला हवा. आंतरस्तरांतील कित्येक शंखांत त्याची जागा सिलिकाने घेतली आहे. अशा शंखाचा आकार पुष्कळ काही सांगतो; ऋतूंची नोंद मात्र त्यातून कायमची पुसली गेलेली असते.