फुकटच्या पुस्तकालाही वैरण लागते

नागपूरच्या प्रताप नगरात एका सेवानिवृत्त कृषी अधिकाऱ्यांच्या घरी परवा जाणे झाले. पुढच्या खोलीत टेकायला जागा नव्हती. दिवाणावर पुस्तके, खिडकीत पुस्तके, फ्रिजच्या डोक्यावरसुद्धा पुस्तके. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. घर विकून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचे ठरलेले. "रद्दीवाला किलोवर मागून राहिला," ते म्हणाले. "विद्यापीठाच्या ग्रंथालयाले देऊन टाकतो म्हटलं. पण घेतील काय जी ते?"

त्यांचे धाकटे भाऊ गावाहून आले होते, घरी शेती करतात. ते लगेच म्हणाले, "फुकट भेटून राहिलं तं घेत काऊन नाही?"

गल्लत होते ती इथेच. कोणी म्हैस फुकट दिली तरी गोठा आणि वैरण आपलीच असते. पुस्तकाचेही तसेच आहे. ग्रंथालयात पुस्तक आले की त्यावर शिक्का मारायचा, दाखल रजिस्टरमध्ये नंबर टाकायचा, विषयाप्रमाणे क्रमांक द्यायचा, संगणकावर नोंद करायची, मग त्याला कपाटात जागा शोधायची. वाळवी लागलेले एक पुस्तक आत गेले तर शेजारची दहा खराब करते. म्हणून शहाणे ग्रंथपाल पेट्या उघडण्याआधी यादी मागतात. त्यात अपमान काही नाही. पुस्तकाचे नाव, लेखक, साल आणि प्रकृती एवढे चार रकाने वहीत लिहून आधी पाठवावे. जे त्यांच्याकडे आधीच आहे ते ते नाकारतील. जुनी गाईडे आणि बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके तर कोणीच घेत नाही. ती रद्दीतच जाऊ द्यावी.

मग घेतात काय? जे बाजारात मिळत नाही ते. जुन्या सहकारी संस्थांचे अहवाल, कृषी प्रदर्शनांच्या स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, जुनी बियाण्यांची सूचिपत्रके. ज्याला आपण अडगळ म्हणतो त्यावर उद्या एखादे पोर पीएच.डी. करील. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना मात्र एक सांगणे आहे. ग्रामपंचायतीचे दप्तर कितीही जुने झाले तरी ते सरकारी आहे, परस्पर कोणाला देता येत नाही. घरची खासगी कागदपत्रे वेगळी आणि दप्तर वेगळे.

आता पैशाचे. विद्यापीठाला दान देणे हे मोठ्या सावकारांचे काम, असा आपला समज आहे. तो अगदीच खोटा नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले. कामठीचे मँगनीजच्या खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. त्यांनी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये या विद्यापीठाला ठेवले. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली.

त्याच्याही आधीची मुंबईची गोष्ट आपल्या कापूसवाल्यांनी मुद्दाम ऐकावी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून पर्याय उरला नाही. आपल्या वऱ्हाडच्या कापसालाही तेव्हा सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी अमाप कमावले. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि नंतर मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला नाव दिले आईचे, म्हणून तो राजाबाई टॉवर. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला आणि प्रेमचंदही बुडाले. पण दिलेला पैसा दिलेलाच राहिला. १८७८ साली इमारत पूर्ण झाली, ती आजही उभी आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या कापसाचा थोडा वाटा त्या दगडांत असेल असे मला नेहमी वाटते. त्यांचे नाव तिथे कुठे लिहिलेले नाही, ही गोष्ट निराळी.

लाखांतलेच दान हवे असेही नाही. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे पगारदार माणूस. त्यांनी आयुष्याची पुंजी, १ लाख रुपये, मद्रास विद्यापीठाला आपल्या विषयाच्या अध्यापनासाठी दिली आणि त्या पदाला पत्नीचे नाव जोडले. आपल्याकडे वडिलांच्या तेरवीला गावजेवण घालतात. त्यातला निम्मा खर्च वाचवून एखाद्या शेतीविषयक नियतकालिकाची पाच वर्षांची वर्गणी भरता येईल, जुने अंक बांधून घेता येतील, स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी पुस्तकांचा संच घेता येईल. थोडी जास्त रक्कम असेल तर कायम ठेव ठेवावी. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी पुस्तके घ्यायची. एक ध्यानात ठेवावे. व्याजदर उतरतो, पुस्तकांची किंमत चढते. म्हणून रक्कम ठरवताना आजच्या नव्हे, दहा वर्षांनंतरच्या भावाचा हिशेब करावा.

अटी फार घालू नयेत. "बाबांच्या नावाचं कपाट वेगळंच ठेवा" असा आग्रह धरला की पुस्तके विषयाप्रमाणे लागत नाहीत आणि मग कोणाला सापडतही नाहीत. पुस्तकाच्या आत दात्याच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवली तर वाचणाऱ्या प्रत्येकाला ते नाव दिसते. मोठी किंवा अटींची देणगी असेल तर ती विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेपुढे जाते, त्याला वेळ लागतो. पैसा चेकने किंवा बँकेतूनच द्यावा, पावती घ्यावी. आयकराची सवलत २ हजार रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नसल्याने ज्याचे उत्पन्न निव्वळ शेतीचे, त्याला ही चिंता करायचे कारणही नाही.

आणखी एक, जरा कडू वाटेल असे. सगळे नागपूरलाच का द्यायचे? चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ साली निघाले. शंभर वर्षांच्या विद्यापीठाकडे जे पुस्तक चार प्रतींत असेल, ते नव्या विद्यापीठाकडे एकही नसेल. नागपूरने नाकारलेली यादी गडचिरोलीला पाठवून बघायला काय हरकत आहे?

हे सगळे बोलून झाले तेव्हा साहेबांनी आतून एक कापडी गठ्ठा आणला. त्यांच्या वडिलांच्या वह्या. मृग नक्षत्रापासून कोणत्या दिवशी किती पाऊस झाला, पेरणी कधी, बोंडअळी कधी, कापूस काय भावाने गेला, सगळे मोडक्या अक्षरात लिहिलेले. मी म्हटले, "ग्रंथालय घेईल तर हे सगळ्यांत आधी घेईल."

धाकट्या भावाने गठ्ठा ओढून मांडीवर घेतला. "हे नाही भेटत कोनाले. माह्या बाचं अक्षर आहे."

शेवटी असे ठरले की वह्या गावालाच राहतील, पण विद्यापीठाचा माणूस पानापानाचे फोटो काढून नेणार असेल तर नेऊ द्यायचे. त्यासाठी पत्र कोणी लिहायचे यावर दोघा भावांचे अजून एकमत झालेले नाही.