काळी तळी आणि बर्चचे ओढे

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा तपशीलवार नकाशा उघडला की इंग्रजी नावं जवळपास दिसेनाशी होतात. जिकडेतिकडे लॉख, लॉखन, आल्ट. ही नावं गेलिक भाषेतली. २०२२च्या जनगणनेनुसार ती बोलता येणारे जेमतेम सत्तर हजार लोक आहेत, पण तिथल्या पाण्याची इतकी बारकाईने घेतलेली नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

लॉख म्हणजे तळं. जमिनीत आत शिरलेला समुद्राचा फाटाही लॉखच. छोटं तळं ते लॉखन. वाहत्या पाण्याची प्रतवारी तर आणखी बारीक. आव्हिन ही नदी, आल्ट हा डोंगरातला ओढा आणि कूखन म्हणजे माळावरच्या झुडपांखाली दडून गेलेली पाण्याची बारीक धार. गुरं घेऊन तो माळ तुडवणाऱ्यालाच असल्या शब्दाची गरज पडणार!

आता 'दू लॉखन' पाहा. दू म्हणजे काळं. अगदी उत्तरेकडच्या फ्लो कंट्री या विस्तीर्ण दलदलीत, जिला २०२४मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, अशी काळी डबकी ठिकठिकाणी आहेत. तिथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची. थंडी, सततचं पाणी आणि प्राणवायूचा तुटवडा यांमुळे मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही; वर्षाला साधारण मिलिमीटरभर थर चढतो. त्यातले सेंद्रिय पदार्थ चहाच्या अर्कासारखे पाण्यात उतरतात आणि प्रकाश शोषून घेतात. म्हणून ओंजळीत फिकट तपकिरी दिसणारं पाणी डबक्यात काळंभोर वाटतं. दलदलींचे अभ्यासकही अशा डबक्यांना आपल्या शोधनिबंधांत याच गेलिक नावाने ओळखतात.

काही नावं पाण्याऐवजी काठाबद्दल बोलतात. ग्लेन अ‍ॅफ्रिक खोऱ्याच्या पश्चिम भागात आल्ट बेहे, म्हणजे बर्च झाडांचा ओढा आहे. हरणं आणि मेंढ्यांच्या चराईमुळे त्याचा परिसर दीर्घकाळ जवळपास उघडा होता. मग तिथे पूर्वी जंगल होतं, असं म्हणायचं का? माझ्या मते एवढ्यावरून नाही. उजाड खोऱ्यात चारच बर्च उरले असतील, तर तेवढ्यासाठीही लोकांनी ओढ्याला हे नाव दिलं असेल.

नावामुळे शोध कुठे घ्यायचा ते कळतं. पुरावा जमिनीतून काढावा लागतो. तो पुरवतं तेच पीट. वाऱ्याने आलेले परागकण त्यात हजारो वर्षं टिकतात. नळीने खोल थर उपसून काढायचे, कार्बनवरून त्यांचं वय ठरवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बर्च, पाइन, अल्डर यांचे कण मोजायचे. कोणत्या शतकात जंगल विरळ झालं, हे त्यावरून बरंचसं कळतं. पश्चिम अ‍ॅफ्रिकमध्ये गेल्या काही दशकांत पुन्हा देशी झाडं लावली जात आहेत. कोणती झाडं कुठे लावायची हे ठरवताना असा पुरावा आणि जुनी नावं शेजारी ठेवून वाचायला हवीत.