नौवहन अर्थशास्त्र
नौवहन अर्थशास्त्र : सागरी मालवाहतुकीची मागणी, जहाजांचा पुरवठा, नौभाड्याची निश्चिती व या व्यवसायातील स्पर्धा यांचा आर्थिक सिद्धांतांच्या आधारे अभ्यास करणारी उपयोजित अर्थशास्त्राची शाखा. परिमाणाच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय व्यापाराचा चार पंचमांशांहून अधिक भाग समुद्रमार्गे होतो. त्यामुळे नौभाड्यातील चढउतारांचा परिणाम अन्नधान्य, इंधन, खते इत्यादींच्या किंमतींवर व पर्यायाने सामान्य उपभोक्त्यावर होतो.

मागणी व पुरवठा : जहाजवाहतुकीची मागणी परोक्ष असते, म्हणजे ती मालाच्या मागणीतून उद्‌भवते. मालाच्या वजनाबरोबरच अंतरावरही ती अवलंबून असल्याने ती टन-मैलांत मोजतात. जून १९६७ ते जून १९७५ या काळात सुएझ कालवा बंद होता. तेव्हा इराणच्या आखातातून यूरोपकडे जाणाऱ्या तेलवाहू जहाजांना आफ्रिकेस वळसा घालावा लागे. परिणामी तेवढ्याच तेलासाठी अधिक जहाजे लागू लागली.

याउलट, जहाजांचा पुरवठा अल्पकाळात फारसा वाढविता येत नाही. कारण नवे जहाज हाती येण्यास बहुधा दोन-तीन वर्षे लागतात. भाडी उतरली, की मालक जहाजे नांगरून ठेवतात, वेग कमी करून इंधन वाचवितात किंवा जुनी जहाजे मोडीत काढतात. टी. सी. कोपमान्स यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेलवाहू जहाजांवरील ग्रंथात या स्थितीचे विश्लेषण केले आहे. जहाजे रिकामी असताना पुरवठा लवचिक असतो व भाडी खालच्या पातळीवर राहतात. सर्व जहाजे कामास लागल्यावर मात्र मागणीतील अल्प वाढीनेही भाडी झपाट्याने चढतात.

नौवहनचक्र : चढ्या भाड्यांच्या काळात नव्या जहाजांच्या मागण्या नोंदविल्या जातात, परंतु ती जहाजे तयार होईपर्यंत तेजी ओसरलेली असू शकते. या कालांतरामुळे निर्माण होणाऱ्या चक्राचे विवेचन यान टिनबर्जेन यांनी १९३१ मध्ये केले. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाची मागणी घटली आणि पूर्वी मागविलेली तेलवाहू जहाजे निरुपयोगी ठरली. सुट्या घन मालाच्या भाड्यांचा बॉल्टिक निर्देशांक २० मे २००८ रोजी ११,७९३ वर होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ६६३ पर्यंत घसरला.

बाजाररचना : माल मिळेल तेथे जाणाऱ्या ट्रँप जहाजांची बाजारपेठ पूर्ण स्पर्धेच्या बरीच जवळ असते. ठराविक मार्गावर नियमित फेऱ्या करणाऱ्या लाइनर जहाजांचा स्थिर खर्च मोठा असतो व जहाज भरलेले असो वा नसो, तो करावाच लागतो. त्यामुळे दरयुद्ध भडकण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी कंपन्यांनी दर ठरविणाऱ्या परिषदा स्थापिल्या. कलकत्ता-ब्रिटन व्यापारातील १८७५ ची परिषद ही त्यांतील पहिली समजली जाते. परिषदेशी एकनिष्ठ राहणाऱ्या व्यापाऱ्यांना काही काळानंतर सूट देऊन नवागत कंपन्यांना दूर ठेवले जाई.

या रचनेची झळ भारतीय उद्योजकांना बसली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी १९१९ मध्ये मुंबईत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिला ब्रिटिश कंपन्यांच्या दरकपातीस तोंड द्यावे लागले व १९२३ च्या करारान्वये आपल्या विस्तारावर मर्यादा मान्य कराव्या लागल्या. बलाढ्य प्रतिस्पर्धी काही काळ तोटा सोसू शकतो, नवागतास ते परवडत नाही, हे यावरून दिसते. किनारी वाहतूक राष्ट्रीय जहाजांसाठी राखून ठेवावी, या मागणीचा आर्थिक पाया हाच होता. मात्र अशा संरक्षणामुळे मालधन्यांना अधिक भाडे द्यावे लागण्याचा संभव असतो.

आकारमानाचे लाभ : २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ मालपेट्या घेऊन नूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. मालपेट्यांमुळे चढउताराचा खर्च व बंदरातील खोळंबा कमी झाला आणि मोठी जहाजे किफायतशीर ठरली. २०२३ पर्यंत वीस फुटी २४,००० हून अधिक पेट्या वाहण्याची क्षमता असलेली जहाजे वापरात आली. तथापि एवढ्या जहाजांसाठी खोल बंदरे व मोठ्या याऱ्या लागतात. त्यांचा खर्च बऱ्याच अंशी बंदरांवर पडतो. म्हणून जहाजमालकाची बचत ही समाजाचीही बचत असतेच असे नाही. खर्चाची ही विभागणी तपासणे, हे या शास्त्राचे महत्त्वाचे कार्य होय.