वस्तऱ्याच्या पाठीवरची टेप : कवच की अडथळा?

विजेच्या तारेवर गुंडाळायची टेप आणि दाढीचा वस्तरा यांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. मात्र जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या मंडळींमध्ये हा चांगलाच वादाचा विषय आहे. वस्तरा धार लावण्याच्या दगडावर घासण्यापूर्वी त्याच्या पाठीवर ही टेप चिकटवावी की चिकटवू नये, यावर युरोप-अमेरिकेतील शौकिनांमध्ये सरळ दोन तट आहेत. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नामागे भूमितीचा एक साधा नियम दडलेला आहे आणि तो समजून न घेतल्यास उत्तम वस्तरा कायमचा बिघडू शकतो.

किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये अमेरिकेत पाते बदलता येणाऱ्या 'सेफ्टी रेझर'चे पेटंट मिळाले. त्यानंतर घरोघरच्या दाढीच्या सामानातून घडीचा वस्तरा हळूहळू मागे पडला. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत त्याचे स्थान अधिक काळ टिकले; पण एड्सविषयी जागरूकता वाढल्यानंतर सलूनमध्येही दर ग्राहकाला नवे ब्लेड घालायचा वस्तरा आला. तरीही इंग्लंडमधील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगन आणि फ्रान्समधील तिएर या गावांनी घडविलेले जुने वस्तरे आजही हौसेने जमविले व वापरले जातात. या वस्तऱ्यांना नव्याने धार लावताना टेपचा प्रश्न उभा राहतो.

पाठ हाच मापाचा आधार

स्वयंपाकघरातील सुरीला धार लावताना ती दगडावर किती तिरपी धरायची, हे हाताने ठरवावे लागते. वस्तऱ्याचे तसे नाही. तो दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि पातळ धार अशा दोन्ही कडा एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने ठरत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून तो आपोआप ठरतो. म्हणजेच कोनाचे माप कारागिराने वस्तऱ्यातच घडवून ठेवलेले असते.

उदाहरणार्थ, पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर १७ मिलिमीटर असेल, तर धारेचा कोन सुमारे १७ अंशांचा होतो. दगडावर घासताना धारेबरोबर पाठही झिजते. ही झीज मूळ रचनेतच गृहीत धरलेली आहे. पात्याची रुंदी कमी होत असताना पाठीची जाडीही कमी होत गेल्याने कोन वर्षानुवर्षे जवळजवळ तोच राहतो. जुन्या वस्तऱ्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना दिसणारे अरुंद, चकचकीत, सपाट पट्टे ही या झिजेचीच खूण होय.

एका थराने काय बदलते?

साधी इन्सुलेशन टेप सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असते. ती पाठीवरून दोन्ही बाजूंना दुमडली की पाठीची जाडी ०.३ मिलिमीटरने वाढते. वरील उदाहरणात एका थरामुळे कोन १७ अंशांवरून जवळपास १८ अंशांवर जातो. दोन थर लावले तर तो १९ अंशांच्या आसपास पोहोचतो. ढोबळमानाने सांगायचे तर, दर थरामागे एक अंश. एका अंशाने दाढीत फारसा फरक पडत नाही. धार किंचित जाड होते व थोडी अधिक टिकते, एवढेच.

टेपचा खरा उपयोग पाठीची झीज रोखण्यासाठी होतो. पाठीवर सोनेरी मुलामा किंवा कोरीव नक्षी असेल, तर दगडावरचे काही घासेही ती पुसून टाकण्यास पुरेसे असतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक वस्तऱ्यांचे पाते पाचरीसारखे, जवळजवळ सपाट बाजूंचे असते. ते दगडावर ठेवले की अवघी बाजूच दगडाला टेकते, काम वाढते आणि पाते विद्रूप होते. टेपमुळे पाठ किंचित उचलली जाऊन घर्षण धारेलगतच्या अरुंद पट्टीपुरते मर्यादित राहते. चुकीच्या हाताळणीने पाठ आधीच फार झिजली असेल, तर कोन गरजेपेक्षा लहान होऊन धार तुटू लागते. अशा वस्तऱ्याला टेपचे एक-दोन थर गेलेली जाडी परत मिळवून देतात.

विरोधकांचे म्हणणेही निराधार नाही. पाठ झिजण्यासाठीच बनविली असताना ती झाकायची कशाला, असा त्यांचा सवाल आहे. पाठ कायम झाकून केवळ धारच झिजवीत राहिले, तर पात्याची रुंदी घटते, जाडी तशीच राहते आणि कोन हळूहळू मोठा होत जातो. वरील मापाच्या वस्तऱ्यात १ मिलिमीटर रुंदी कमी झाली की कोन सुमारे एका अंशाने वाढतो. एवढी झीज व्हायला मात्र मोठा काळ जावा लागतो.

गफलत होते ती इथे

टेप लावल्याने वस्तरा बिघडत नाही, न लावल्यानेही बिघडत नाही. तो बिघडतो मध्येच पद्धत बदलल्याने. समजा, १००० क्रमांकाच्या भरड दगडावर टेप लावून धार बसविली आणि ८००० किंवा १२००० क्रमांकाच्या बारीक दगडावर ती काढून टाकली. आता पाठ खाली आल्याने बारीक दगड धारेच्या टोकाला स्पर्शच करीत नाही; तो टोकाच्या मागचा भाग घासत राहतो. कितीही वेळ घासले तरी वस्तरा खरखरीतच लागतो. मग अननुभवी व्यक्ती हाताचा जोर वाढवते, पातळ पाते वाकते आणि झीज वेडीवाकडी होते. गेलेले पोलाद परत येत नाही.

याच्या उलट केले तर चालते. आधी टेपविना घासून शेवटच्या दगडावर एक थर लावला, तर अगदी टोकाशी दुसरा, सूक्ष्म उतार तयार होतो. काही जण मुद्दाम असे करतात. मात्र पुढच्या वेळी धार लावतानाही शेवटी तोच थर लावावा लागतो. म्हणूनच दुसऱ्याच्या वस्तऱ्याला धार लावून देणाऱ्याने किती थर वापरले, हे मालकाला सांगणे आवश्यक ठरते.

शंका असल्यास सोपी चाचणी आहे. धारेलगतच्या उतारावर मार्कर पेनची शाई लावावी आणि वस्तरा दगडावरून एकदाच हलक्या हाताने फिरवून भिंगातून पाहावे. शाई थेट टोकापर्यंत पुसली गेली असेल, तर कोन जुळला. टोकाशी काळी रेघ शिल्लक असेल, तर थर कमी पडतो आहे.

घरातल्या वस्तऱ्यासाठी

आजोबांचा वस्तरा कपाटात जपून ठेवलेली घरे आपल्याकडेही आहेत. त्याला धार लावायची असल्यास तो चाक फिरविणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नये. चाकाच्या उष्णतेने पातळ कडेचे पाणी उतरते. कड निळसर पडली की तेवढे पोलाद निकामी झाले, असे समजावे. सपाट, पाण्याने भिजविलेला दगड आणि हलका हात एवढेच त्याला हवे.

टेप लावायची ठरल्यास पाठ कोरडी व स्वच्छ करून एकच सलग पट्टी, सुरकुती न पडू देता, पूर्ण लांबीवर चिकटवावी. भरड दगडावर ती लवकर फाटते; त्यामुळे वरचेवर तपासून झिजताच तितक्याच जाडीची नवी लावावी. काम संपताच ती काढून डिंक पुसावा, पाते कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. टेपखाली राहिलेला ओलावा गंजाला आमंत्रण देतो. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरविताना टेपची गरज नसते, कारण चामडे मऊ असल्याने धारेच्या टोकाशी जुळवून घेते.

नक्षीदार, पाचरीच्या आकाराचा किंवा पाठ झिजलेला वस्तरा असेल तर टेप उपकारक. रोजच्या वापराच्या साध्या वस्तऱ्याला ती नसली तरी काही बिघडत नाही. निर्णय कोणताही असो, पहिल्या दगडावर घेतलेला निर्णय शेवटच्या दगडापर्यंत आणि पुढच्या वेळेपर्यंत लक्षात ठेवणे हेच महत्त्वाचे.