मुरमांचा घोर

जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यातील शीशमहाल आपण कदाचित पाहिला असेल. तेथे एक दिवा लावला की भिंती व छतावरील आरशांच्या तुकड्यांतून असंख्य दिवे उजळतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनाचेही पुष्कळदा असेच होते. गालावर एक मुरूम उठतो आणि वाटते, सारे जग तोच पाहत आहे. मग वर्गात मागे बसणे, लग्नकार्य टाळणे सुरू होते.

वाचकहो, ही व्यथा नवी नव्हे. सुश्रुतसंहितेत या पुटकुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले असून त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, रंध्रे बुजतात, त्यांत जंतू वाढतात आणि सूज येते. हा अस्वच्छतेचा दोष नव्हे.

पण काळजीचा यात काही वाटा आहे काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील २२ विद्यार्थ्यांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. परीक्षेच्या काळात ज्यांचा ताण अधिक वाढला, त्यांचे मुरूमही अधिक बळावलेले आढळले. म्हणजे मुरमांनी चिंता वाढते आणि चिंतेने मुरूम! परीक्षांच्या तयारीसाठी घरदार सोडून जयपुरात राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर हे अवश्य ध्यानी घ्यावे.

हे चक्र दोन्ही बाजूंनी तोडावे लागते. मुरूम फोडू नयेत, व्रण राहतात. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणे पुरेसे आहे. स्टेरॉइड असलेली मलमे मनाने लावू नयेत. आरंभी उतार वाटला तरी पुढे त्वचा पातळ होते व मुरूमही उठतात. योग्य औषधालाही गुण येण्यास ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून धीर सोडू नये. त्वचेसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मूल एकलकोंडे झाले, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच नसावा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी? पाहुण्यांसमोर “तोंडाचे हे काय झाले?” असे विचारू नये. मुलाला जवळ बसवून “झोप लागते ना रे?” एवढेच विचारावे. पुष्कळदा औषधाच्या आधी तेवढ्यानेच त्याचे मन हलके होते.